सोलापूर जिल्ह्यातली तरुण मंडळं आणि स्वयंसेवी गट एकत्र कसे येतील? महासंघ नको, आधी एक कॅलेंडर आणि एक यादी

सीनाकाठ | शनिवार, रात्री ९.१२

सगळ्यांना नमस्कार. माढा तालुक्यात नदीकाठच्या एका गावात आमचं तरुण मंडळ आहे. हा धागा मुद्दाम काढलाय. इथं बार्शीचे, अक्कलकोटचे, पंढरपूरचे, शहरातल्या पूर्व भागातले लोक रोज भेटतात, पण एकमेकांच्या कामाला आपण सहसा जात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत काठावरची गावं पाण्यात, लांबोटीला पुणे महामार्ग बंद, पलीकडे धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्यात तेच हाल. मदतीला माणसं कमी पडली नाहीत, गाड्या भरभरून येत होत्या. पण डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावात एकेका घरात डाळ-तांदळाची तीन-तीन किट पोचली, आणि आत ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जनावरं उपाशी होती. तिथं कडबा आणि पेंड हवी होती, गाड्यांतून उतरत होते बिस्किटांचे पुडे. यात कुणाच्या मनात खोट नव्हती. मोहोळहून आलेल्या पोरांना माढ्यातली पोरं कुठल्या गावात गेलीत ते माहीत नव्हतं, एवढंच. परंड्यातल्या एका गटाकडे होडी आहे हे आमच्या काठावर पाणी ओसरल्यावर कळलं.

असं काही झालं की पहिली सूचना येते ती जिल्हा महासंघाची. मला ती पटत नाही. महासंघ म्हटलं की अध्यक्ष कोण, कार्याध्यक्ष कुठल्या तालुक्याचा, लेटरहेडवर आधी नाव कुणाचं, यातच पावसाळा निघून जातो. मला हवंय ते एवढंच: वर्षाचं एक सामाईक कॅलेंडर, म्हणजे कोण कधी कुठं काय करणार आहे ते सगळ्यांना आधी दिसेल. आणि साधनांची एक यादी: होडी, दोर, लाइफ जॅकेट, जनरेटर, टँकर, ट्रॅक्टर, पट्टीचे पोहणारे. अकरा तालुक्यांत प्रत्येकी दोन फोन नंबर. पैसा ज्याचा त्याच्याकडे, नावही ज्याचं त्याचं.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? आणि जिल्ह्याबाहेरच्या शेजाऱ्यांचं काय करायचं, तेही सांगा.

---

ओ_निगेटिव्ह | शनिवार, रात्री १०.०५

कॅलेंडरचा मुद्दा पुराआधी रक्ताला लागू करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१९ फेब्रुवारी आणि १४ एप्रिल या दोन दिवशी जिल्ह्यात गल्लोगल्ली शिबिरं असतात. श्रद्धा मोठी आहे, तिला हात लावायचा नाही. पण रक्ताच्या पिशवीला मुदत असते. नेहमीच्या पिशवीतलं अखंड रक्त ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या काढून त्यांना पोषक द्रावण दिलं तर ४२ दिवस. प्लेटलेट तर फक्त ५ दिवस. म्हणजे १४ एप्रिलला काढलेल्या रक्तातल्या प्लेटलेट २० तारखेला वापरता येत नाहीत, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या दिवशीच्या लाल पेशीही उरत नाहीत.

आता दुसरी बाजू. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ३ महिने थांबावं लागतं, बाईला ४ महिने. एप्रिलच्या मध्यावर सगळ्या पोरांनी एकाच दिवशी दिलं की तीच पोरं जुलैच्या मध्यापर्यंत बाद. मध्ये मे महिना. कॉलेजं बंद, सोलापूरचं ऊन, शिबिराला कुणी उभं राहत नाही. अपघात आणि बाळंतपणं मात्र मे महिन्यात थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांच्या आईबापांनी मे महिन्यात काय करायचं?

जयंतीचं शिबिर जयंतीलाच होऊ द्या. फक्त नोंदवलेल्या पोरांपैकी अर्ध्यांनी त्या दिवशी द्यायचं, उरलेल्या अर्ध्यांनी फॉर्मवर मेमधली तारीख लिहून द्यायची. बार्शीने पहिला आठवडा घ्यावा, पंढरपूरने दुसरा, सांगोल्याने तिसरा. एका मंडळाला हे जमणार नाही, कारण एका मंडळाकडे पोरं असतात तीस-चाळीस. दहा मंडळं मिळाली की महिना भरतो. मला विचाराल तर एकत्र येण्याचं याहून सोपं पहिलं काम दुसरं नाही.

---

भगवंत_नगरी | शनिवार, रात्री १०.४८

ओ निगेटिव्ह, तुमचा प्रतिसाद आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मेचा पहिला आठवडा बार्शी घेईल, एवढं मी माझ्या जबाबदारीवर लिहितो.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. जिल्ह्याची बैठक म्हटली की ती सोलापुरातच असते. शहरातल्या पोरांनी गाडीला किक मारायची आणि करमाळा, माळशिरस, सांगोल्याच्या पोरांनी अख्खा दिवस मोडायचा. दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. मग म्हणायचं तालुक्याच्या लोकांना आस्था नाही.

बैठक कुर्डुवाडीला घ्या. पुणे-सोलापूर मुख्य लाइन आणि लातूर-मिरज लाइन तिथं एकमेकींना मिळतात. बार्शी, पंढरपूर, सांगोला थेट रेल्वेने. मोहोळ, सोलापूर, अक्कलकोट रोड मुख्य लाइनवर. करमाळ्याला जेऊर स्टेशन आहे, नाहीतर एसटी. मंगळवेढ्याची पोरं पंढरपूरला येऊन गाडी धरतील. आणि धाराशिवची पोरं बोलवायची म्हटली तर तीही लातूरच्या लाइनवरच. इथली नॅरोगेजची छोटी गाडी बंद झाली तरी जंक्शन आहे तिथंच आहे.

---

पूर्वभाग_ताई | रविवार, सकाळी ७.३०

कुर्डुवाडीला माझा पाठिंबा, पण वेळ सकाळची ठेवा आणि चारच्या आत संपवा. आमच्या गटात निम्म्याहून जास्त मुली आहेत. आया बिड्या वळतात किंवा शिलाईकाम करतात, घरातून बाहेरगावी सोडायचं म्हणजे परतीची गाडी कुठली हे आधी सांगावं लागतं. बैठकीला मुली हव्यात असं सगळे म्हणतात, पण बैठक असते रात्री आठला, मंडळाच्या कट्ट्यावर. अशाने कशा येणार?

दुसरं, भाषा. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात उर्दू-दखनी. पूर, उष्माघात, डेंग्यू याबद्दलची सूचना आम्ही मराठीत लिहून फॉरवर्ड करतो आणि आजीपर्यंत ती पोचतच नाही, कारण तिला मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नाही. आम्ही तेलुगूत आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागलो तेव्हा फरक पडला. हे काम आमचा गट सगळ्या जिल्ह्यासाठी करेल. कन्नडसाठी अक्कलकोटचं कुणी आहे का इथं?

ओ निगेटिव्ह दादा, रक्तदानाबद्दल एक. आमच्या मुली रांगेत उभ्या राहतात आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून परत पाठवल्या जातात. बस, एवढंच. पुढं त्यांना कुणी विचारत नाही. शिबिरात नाकारलेल्या मुलींची नावं प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा आशाताईंकडे द्यायची पद्धत या सामाईक कामात घाला. एका पिशवीइतकंच महत्त्वाचं आहे ते.

---

ओ_निगेटिव्ह | रविवार, सकाळी ८.१०

ताई, शंभर टक्के. मुलीची परवानगी घेऊन. फॉर्मवरच रकाना करू.

---

नवीपेठ | रविवार, सकाळी ११.२०

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका ओ.

प्रत्येक मंडळामागं कुणीतरी नेता आहे. हे सोलापूरलाच आहे असं नाही, पण आपल्याकडे आहे हे नाकारू नका. सामाईक काम उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर जिल्हाभराच्या पोरांच्या कामासमोर एकाच माणसाचा फोटो. मग ज्यांचा नेता वेगळा ती मंडळं गळतात. असा एक प्रयत्न मी जवळून पाहिलाय, पहिल्या निवडणुकीला तो फुटला. आणि पूर ओसरला, वर्गणी संपली की उत्साहही ओसरतो. कॅलेंडर भरायला दर महिन्याला बसणार कोण?

---

सीनाकाठ | रविवार, दुपारी १.०५

नवीपेठ, राग कसला, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

फ्लेक्सबद्दल माझं मत पक्कं आहे. सामाईक कामाचा फ्लेक्स लावायचा नाही. कुठल्याही चेहऱ्याचा नाही, आपल्या स्वतःचाही नाही. तुमच्या मंडळाने तुमच्या गल्लीत केलेल्या कामाचा तुम्ही हवा तेवढा मोठा लावा. म्हणूनच मी सामाईक बँक खात्यालाही नाही म्हणतोय. खातं काढायचं तर संस्था नोंदवावी लागते, १८६० चा सोसायटी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचे हिशेब. हे सगळं चांगलंच आहे, पण त्यासोबत पदंही येतात, आणि भांडण पदावरूनच होतं. होडी कुणाकडे आहे हे लिहायला पद लागत नाही.

आणि एकत्र बसायची सवय आपल्याला नाही असं नका म्हणू. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत कुठलं मंडळ कितवं, कुठल्या रस्त्याने, किती वाजता, हे मध्यवर्ती मंडळाच्या बैठकीत ठरतं. वाद होतात, आवाज चढतात, पण ठरतं आणि मिरवणूक निघते. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला तेच. वर्षातून एका दिवसासाठी जे जमतं ते बारा महिन्यांच्या कॅलेंडरला का जमणार नाही?

दर महिन्याला कोण बसणार, याचं उत्तर माझ्याकडे एकच: पाळी लावू. अकरा तालुके, महिन्याला एक. बारावा महिना शेजारच्या जिल्ह्यांना देऊ.

---

जुनी_मिल | रविवार, संध्याकाळी ५.४०

वयाने मी तुमच्या वडिलांचा असेन. वाचून फार बरं वाटलं म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जखमींना सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणलं जात होतं, आणि इथून पोरं मिळेल त्या गाडीने किल्लारी-सास्तूरकडे निघाली होती. आमच्या गल्लीतूनही गेली. तुम्ही बिस्किटांचं लिहिलंत, तिथं जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. देशभरातून आलेले कपडे. घालायच्या लायकीचे थोडे, आणि उचलायला माणूस नाही. तिथं काय हवंय हे विचारून मग निघणारा गट क्वचित. तेव्हा फोन नव्हते, निदान ते कारण होतं. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

मला आणखी एक सांगायचं आहे. १२ जानेवारी देशभर राष्ट्रीय युवा दिन असतो, विवेकानंदांची जयंती. सोलापूरला तो दिवस आणखी एका कारणाने आपला आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिलं. १९३० मध्ये या शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता, त्यातून हे घडलं. चौघांची नावं वाचा, चौघे चार समाजांतले. ज्यांना एकत्र येणं अवघड वाटतं त्यांनी चार हुतात्मा चौकातून जाताना पाटी पुन्हा वाचावी. तुमचं कॅलेंडर दरवर्षी १२ जानेवारीलाच जाहीर करा. त्या दिवशी कुठल्या पक्षाचा, कुठल्या जातीचा माणूस सोलापुरात नाही म्हणेल?

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. १९३८ मध्ये चीनला गेलेलं वैद्यकीय पथक पाच डॉक्टरांचं होतं: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीस परत आले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले. वय अवघं बत्तीस. इतक्या लांबच्या गावांची माणसं एका कामाला लागली होती. आपल्याला माढ्याहून परंड्याला जायचंय.

---

पूर्वभाग_ताई | रविवार, संध्याकाळी ६.१५

काका, १२ जानेवारीचं नक्की करूया. मात्र त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा तोंडावर असते, शहरातली पोरं नंदीध्वजांच्या सरावात आणि सेवेत असतात. जाहीर करणं १२ ला, बैठक डिसेंबरमध्ये.

---

बोरी_नदी | रविवार, रात्री ९.२२

अक्कलकोटहून लिहितोय. ताई, कन्नडचं आमच्याकडे लागलं. माझी आई कन्नड शाळेत शिकलेली आहे, ती तपासूनही देईल.

शेजाऱ्यांचं विचारलंय म्हणून सांगतो. उजनीतून पाणी सोडलं की आपल्याकडे बातमी पंढरपूरपर्यंत येते आणि थांबते. नीरेचं पाणी नरसिंगपूरजवळ भीमेत येतं, ते वेगळं. पुढं हत्तरसंग कुडलला सीना मिळते. मग हा सगळा लोंढा आमच्या काठाने जातो, एका बाजूला आमची गावं, दुसऱ्या बाजूला कर्नाटकातलं इंडी, आणि पुढं खाली अफझलपूर. तिकडची पोरं आमची सोयरी आहेत, लग्नाला जाणं-येणं आहे. पण सोडलेल्या पाण्याचा आकडा आला की ते कर्नाटकातल्या ग्रुपवर बघतात आणि आम्ही महाराष्ट्रातल्या. टाकळीच्या पुलावर पाणी चढलं का, हे विजयपूरहून सोलापूरला दवाखान्यात येणाऱ्या पेशंटला दोन्हीकडून कळायला पाहिजे.

त्यामुळे यादी जिल्ह्याची करू नका, नदीची करा. भीमा आणि सीना. जे जे गाव काठावर आहे त्याचा एक माणूस, मग गाव कुठल्या का राज्यातलं असेना. वरच्या गावाने खालच्या गावाला फोन करायचा. सरकारी इशारा येतोच, तो येऊ दे. तो आला की तळाच्या वस्तीपर्यंत पोचवायला आपला माणूस.

---

वाळवंट | रविवार, रात्री ९.५०

बोरी नदी यांच्याशी सहमत. पंढरपुरात पाणी वाढलं की व्यासनारायण झोपडपट्टीतली माणसं दरवेळी हलवावी लागतात. आम्हाला वरून दोन तास आधी पक्का फोन आला तरी म्हाताऱ्यांना उजेडात काढता येईल.

वारीचंही लिहिणार होतो, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. एवढंच सांगतो की आषाढीला ६५ एकरात, म्हणजे वारकऱ्यांच्या तळावर, मदतीला येणारे गट एकादशीला असतात तितके द्वादशीला नसतात, आणि खरी सफाई द्वादशीनंतर असते. कॅलेंडरमध्ये "आषाढी" असं एकच लिहू नका, त्यानंतरचे तीन दिवस वेगळे लिहा आणि त्यांच्यासमोर वेगळी नावं.

---

भगवंत_नगरी | रविवार, रात्री १०.१०

कोजागरीच्या तुळजापूर पायी यात्रेचंही असंच आहे. सोलापुरातून बाहेर पडताना पाच पावलांवर केळी, चहा, खिचडी. तामलवाडीच्या पुढं रात्री दोन वाजता पाय सुजलेल्या बाईला बसायला सतरंजी नसते. तो भाग धाराशिव जिल्ह्यात येतो, त्यामुळे सोलापूरची मंडळं तिथं जात नाहीत आणि तुळजापूरकरांवर देवळाजवळच्या गर्दीचा ताण असतो. रस्ता मंडळांनी किलोमीटरने वाटून घ्यावा. हे तर एका संध्याकाळी ठरू शकतं.

---

शिबिरवाले_सर | सोमवार, सकाळी १०.३५

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. आमच्या बाजूने काय देता येईल ते लिहितो.

ही योजना १९६९ पासून आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, अशी दोन वर्षं काम करायचं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. आपल्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र एकच जिल्हा आहे, त्यामुळे सगळ्या महाविद्यालयांची दत्तक गावं आणि शिबिरांच्या तारखा एका ठिकाणी मिळवणं इतर जिल्ह्यांपेक्षा सोपं. मी विभागाकडे लेखी विनंती करतो. ती यादी तुमच्या कॅलेंडरशेजारी ठेवली की लगेच दिसेल, कुठल्या गावात दोन-दोन शिबिरं होतात आणि कुठल्या गावात एकही नाही. रस्त्यापासून लांब असलेली गावं सुटतात, हा माझाही अनुभव.

अडचण अशी की आमची मुलं दोन वर्षांनी बदलतात. शिकलेला मुलगा पुण्याला नोकरीला जातो, त्याच्याबरोबर त्याच्या फोनमधले नंबरही जातात. म्हणून यादी कुणा विद्यार्थ्याकडे ठेवू नका. गावात राहणाऱ्या माणसाकडे ठेवा, शक्यतो बचत गटातल्या एखाद्या ताईंकडे. त्या गाव सोडून जात नाहीत आणि नोंदी कशा ठेवायच्या हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

एक आग्रहही आहे. पुरात उतरणाऱ्या मुलांना प्रशिक्षण नसेल तर त्यांना पाण्यात उतरवू नका. सरकारच्या आपदा मित्र योजनेत बचावकाम शिकलेली माणसं जिल्ह्यात आहेत, त्यांची नावं यादीत सर्वांत वर हवीत. बाकीच्यांनी काठावरची कामं करावीत, ती काही कमी नसतात. पोहता येणं वेगळं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढता येणं वेगळं. कुणाच्या घरचा मुलगा मदतीला जाऊन बुडाला, हे मला ऐकायचं नाही.

---

नवीपेठ | सोमवार, दुपारी २.१५

सरांच्या शेवटच्या परिच्छेदासाठी मी या कामात आहे. फ्लेक्स नाही आणि खातं नाही, या दोन अटी पहिल्या पानावर लिहून सगळ्या मंडळांच्या सह्या घ्या. उत्तर सोलापूरचे दोन नंबर मी मिळवून देतो, त्यातला एक माझा.

---

सीनाकाठ | सोमवार, रात्री ८.४५

आतापर्यंत जे पक्कं झालं ते लिहितो.

बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी कुर्डुवाडीला, सकाळी साडेदहा ते साडेतीन. जागा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी बघतोय, स्वच्छतागृह असलेलीच घेणार. प्रत्येक गटातून दोघं यावेत, त्यातली एक मुलगी किंवा बाई. मे महिन्याचं रक्त ओ निगेटिव्ह आणि भगवंत नगरी बघतील, नाकारलेल्या मुलींचा रकाना ताई लिहून देतील. भीमा-सीना काठाची गावनिहाय यादी बोरी नदी आणि मी, वरून खाली. परंडा आणि इंडीच्या पोरांना निमंत्रण मी आणि बोरी नदी देतोय. तेलुगू आणि कन्नड आवाजांचं ठरलंच. सर दत्तक गावांची यादी आणणार.

मंगळवेढा, सांगोला, माळशिरस आणि करमाळा या चार तालुक्यांतून अजून कुणी बोललेलं नाही. त्यांच्याशिवाय बैठक घ्यायची नाही असं मला वाटतं. तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर आज रात्रीच कळवा.

---

माणकाठ | सोमवार, रात्री ११.३०

सांगोल्याचा आहे, आजवर नुसता वाचत होतो. आमच्याकडे पुरापेक्षा टँकरची यादी जास्त कामाची, ती मी करतो. मंगळवेढ्यात मेहुणा आहे, त्यालाही आणतो.

एक विचारायचं होतं. आमच्या भागात होड्या नाहीत, पण गुऱ्हाळावरच्या काहिली, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढया, आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात भीमा फुगली तेव्हा काठावरच्या पाहुण्यांनी म्हाताऱ्या माणसांना काहिलीत बसवून काढलं होतं. ती होडीच्या रकान्यात लिहायची का?

---

सीनाकाठ | सोमवार, रात्री ११.४२

लिहा, पण वेगळा रकाना करा. गाव, गुऱ्हाळ कुणाचं, आणि कडेला दोर बांधायला कड्या आहेत का, तेही लिहा. ती वापरायची की नाही हे मात्र आपदा मित्रवाला ठरवेल.